माग आणि शीव

‘मागोवा’ हा शब्द आपण हल्ली लेखांत आणि भाषणांत वापरतो, पण त्याच्या पोटात धुळीतला माग आहे. माग म्हणजे पावलाचा ठसा. रात्री गोठ्यातला बैल गेला की पहाटे गावचा रामोशी किंवा महार ओणवा होऊन निघे. खूर कुठे खोल रुतला, कुठे पुसट झाला, शेजारी उमटलेलं पाऊल अनवाणी आहे की वहाणेचं, हे बघत बघत तो शिवेपर्यंत जाई. माग शिवेपार गेला तर पुढच्या गावच्या राखणदाराला बोलावून तो दाखवायचा. तिथून जबाबदारी त्या गावाची. माग आपल्याच शिवारात विरला, तर चोरीला गेलेल्या मालाची भरपाई राखणदाराने आणि प्रसंगी गावाने द्यायची. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात ही रीत नोंदलेली आहे.

आपल्या पोलीस पाटलाचं मूळ या राखणीत सापडतं. राखण करणारा चुकला तर त्याची झळ त्यालाच बसत असे.

माळशिरस तालुक्यातलं वेळापूर घ्या. इथल्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळात रामचंद्रदेव यादवाच्या काळातले मराठी शिलालेख आहेत, म्हणजे गाव किमान सातशे वर्षांचं. त्या मानाने गावातलं पोलीस ठाणं कालपरवाचं. मधल्या सगळ्या शतकांत अशा गावांची राखण पाटील, जागल्या, रामोशी आणि महार यांच्यावर होती. पाटील सारा गोळा करी, तंटे ऐके आणि बंदोबस्तही पाही. बाकीचे रात्री गस्त घालत, परका माणूस गावात आला तर चावडीवर वर्दी देत, शिवेच्या खुणा ध्यानात ठेवत.

या व्यवस्थेचे गोडवे गाऊन भागणार नाही. ज्या महाराच्या शब्दावर शिवेचा तंटा मिटे, त्याला गावात घर बांधायची मुभा नव्हती. वतनाच्या तुकड्यासाठी त्याला रात्रंदिवस राबावं लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते याच वेठीमुळे. गावाला राखणदार हवा होता, पण त्याला माणूस म्हणून जवळ घ्यायची गावाची तयारी नव्हती.

इंग्रज आले आणि राखणीची दोरी कचेरीच्या हातात गेली. रामोशांची जुनी वतनं आणि हक्क गेले, आणि पुरंदरच्या डोंगरांतून उमाजी नाईक बंड करून उभा राहिला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी दिलं. इकडे १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या कायदेसंहितेने पाटलाला पोलिसी कामाची सरकारी चौकट दिली आणि १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने ती पक्की केली. किरकोळ मारामारी किंवा शिवीगाळ केल्याबद्दल माणसाला चोवीस तास चावडीत बसवून ठेवायचा अधिकार पाटलाकडे होता. ‘पोलीस पाटील’ हे जोडनाव या काळात रुळलं. त्यातला पाटील गावचा होता आणि पोलीस सरकारचा. या दोन शब्दांतली ओढाताण तेव्हापासून आजवर चालू आहे.

आता सरकारी पोलिसाकडे बघू. रॉबर्ट पील याने १८२९ मध्ये लंडनला गणवेशातले पोलीस उभे केले. आपल्याकडे मात्र नमुना आला तो आयर्लंडच्या सशस्त्र दलाचा, जिंकलेली प्रजा ताब्यात ठेवण्यासाठी बनवलेला. चार्ल्स नेपियरने १८४३ नंतर तो सिंधमध्ये राबवला आणि तिथून तो मुंबई इलाख्यात उतरला. या पोलिसाने उत्तर द्यायचं ते वर, साहेबाला. चोरीची भरपाई द्यावी लागणाऱ्या जागल्याहून हा अगदी वेगळा माणूस होता.

या बदलाची सर्वांत कडू फळं सोलापूरने चाखली. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणात सेटलमेंट उभी राहिली. कैकाडी, भामटा, पारधी अशा जमातींची कुटुंबं तिच्यात कोंडली गेली. माणसाने दिवसभर गिरणीत राबावं आणि पुन्हा हजेरी द्यावी. गुन्हा एकच, अमुक घरात जन्मणं. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी समाजही आहे. ज्यांच्या पूर्वजांनी गावोगावी चोरांचा माग काढला, त्यांच्याच नावावर चोराचा शिक्का मारला गेला होता. हा अन्याय आपण पुरता ओळखलेला नाही, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत पोलिसांवरून आज जो वाद पेटलेला असतो, त्याची मुळंही अशीच दुहेरी आहेत. उत्तरेकडच्या शहरांत रात्रीचे पहारेकरी होते आणि त्यांतून बॉस्टन, न्यूयॉर्कसारख्या शहरांचे पोलीस घडले. दक्षिण कॅरोलिनात मात्र १७०४ पासून गुलामांवर पाळत ठेवणारी गस्तीपथकं होती. त्यांच्या लेखी संशयाला माणसाची कातडी पुरेशी होती. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या हातून जीव गेला तेव्हा लोकांनी विचारलेला प्रश्न सेटलमेंटच्या तारेआडून कोणीही विचारला असता : हा पोलीस आमची राखण करायला आहे, की आमच्यावर पाळत ठेवायला?

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर जन्माचा हक्क मोडला, हे मोठं काम झालं. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपली आणि महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ ने पोलीस पाटलाचं वंशपरंपरागत वतनही संपवलं. आता गावात राहणारा, दहावी झालेला, पंचवीस ते पंचेचाळीस वयाचा कोणीही, कोणत्याही जातीची बाई किंवा पुरुष, अर्ज करू शकतो. परीक्षा होते, आरक्षण असतं आणि नेमणूक प्रांत करतात. २०२४ मध्ये मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार करायचा निर्णय झाला.

काम काय, ते जवळून बघा. विहिरीत प्रेत तरंगताना दिसलं की पहिला फोन पोलीस पाटलाला. ठाण्याला खबर द्यायची, माणसं येईपर्यंत काठावर थांबायचं, गर्दीला मागे सारायचं, घरच्यांना सावरायचं, पंचनाम्याला उभं राहायचं. बांधावरून दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन भिडले तर गाडी येण्याआधी मध्ये पडायचं. आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते. त्या रात्री गाव आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसं पोटात घेतं. तेव्हा कोणती गल्ली अरुंद आहे, कोणत्या विहिरीला कठडा नाही, हे बाहेरून आलेल्या बंदोबस्ताला गावचाच माणूस सांगू शकतो.

तरीही त्या जुन्या रीतीतली एक गोष्ट वाटेत हरवली. पोलीस पाटील आज प्रांताला, तहसीलदाराला, ठाणेदाराला उत्तर देतो. गावाला उत्तर देण्याची त्याची रीत उरलेली नाही. २००७ मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने त्याला पुन्हा गावासमोर बसवायचा प्रयत्न केला. जिथे या मोहिमेची गावसमिती मनापासून चालली तिथे भांडणं पारावर मिटली, आणि जिथे ती कागदावर राहिली तिथे फक्त पाटी उरली.

म्हणून माझं मागणं साधं आहे. वर्षातून एकदा ग्रामसभेत पोलीस पाटलाने उभं राहून सांगावं : वर्षभरात किती तंटे आले, किती मिटले, किती ठाण्यात गेले, पारध्याच्या पालावर किंवा एकट्या बाईच्या दारात मदत पोचली की नाही. आणि गावाने ऐकून प्रश्न विचारावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, गावाची इच्छा लागते. जुना राखणदार माग शिवेपर्यंत नेऊन दाखवत असे. आजच्या राखणदाराला तेवढं विचारायचा हक्क तुमचा आहे. पुढच्या ग्रामसभेत तो बजावा.