मानधनाचा मान कोणाचा?

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात माझे बालपण गेले. माझी माय मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळायची. हजारामागे मजुरी ठरलेली असे. ठेकेदार त्यातल्या कितीतरी बिड्या खराब ठरवून काढून टाकी आणि त्या काढलेल्या बिड्यांचे पैसे कापून घेई. शोषण उघडे होते. पण मजुरीला मजुरीच म्हटले जात होते. मायला कोणी समाजसेविका म्हटले नाही आणि तिच्या घामाला कोणी त्याग म्हटले नाही.

माझी धाकटी बहीण शिकली. एका स्वयंसेवी संस्थेत ती समुदाय संघटक झाली. बचतगट बांधणे, रेशनकार्डाचे अर्ज भरणे, नवऱ्याने मारलेल्या बाईसोबत रात्री ठाण्यात जाऊन बसणे, ही सारी कामे तिने अकरा वर्षे केली. दर अकरा महिन्यांनी नवे नियुक्तिपत्र मिळायचे. बाळंतपणाची रजा मागितली तेव्हा संस्थेच्या कार्यवाहांनी सांगितले, "ताई, ही नोकरी नव्हे, हे व्रत आहे." पुढे प्रकल्प संपला. तिच्या नावावर भविष्यनिर्वाह निधी नव्हता, उपदान नव्हते. निरोपाला शाल आणि नारळ मिळाले. महिन्याला जे हातात पडत होते त्याला मानधन म्हणत.

या शब्दाचा इतिहास आपण तपासला पाहिजे. मजुरी मागता येते; मानधन दिले जाते. मजुरीला दर असतो आणि दरासाठी भांडता येते. मानधनासाठी भांडणारा मात्र लोभी ठरतो. म्हणजे मान देणाऱ्याकडेच राहतो आणि घेणाऱ्याकडे फक्त कृतज्ञता येते. हे कोठून आले?

महाराष्ट्रात संस्थात्मक त्यागाची परंपरा डेक्कन एज्युकेशन सोसायटीपासून सांगितली जाते. १८८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे आजीव सदस्य वीस वर्षे सेवेचे वचन देत. गोखल्यांनी तेथे ७५ रुपये महिन्यावर काम केले. सदस्याने बाहेर कमाई करावी की नाही, या वादात टिळक १८९० साली संस्थेतून बाहेर पडले. सरकारी नोकरीत याहून अधिक मिळाले असते, म्हणून त्यांचा त्याग खोटा नव्हता. पण ७५ रुपये ही रक्कम त्या काळच्या शेतमजुराला अनेक महिने राबूनही दिसत नव्हती, हेही तितकेच खरे आहे. १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. स्वतःसाठी पैसा मिळविण्यात शक्ती घालवायची नाही आणि संस्था आपली व आपल्या कुटुंबाची जी तरतूद करील तिच्यात समाधान मानायचे, अशी त्याच्या सदस्याची प्रतिज्ञा होती. या वाक्यातला 'कुटुंबाची तरतूद' हा भाग नीट वाचावा. इतक्या कडक व्रतातही सेवकाच्या बायकामुलांचे पोट लिहून ठेवलेले होते. आजच्या संस्थांनी व्रत उचलले आणि तरतूद गाळली.

याच भारत सेवक समाजाचे एक सदस्य अमृतलाल ठक्कर हे १९३२ साली पुणे करारानंतर स्थापन झालेल्या अस्पृश्यताविरोधी संघाचे चिटणीस झाले. हाच संघ पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखला गेला. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी विलायतेला जाताना बोटीवरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ठक्करांना पत्र लिहिले. त्यातील नागरी हक्कांच्या मोहिमेचा भाग आपण नेहमी सांगतो. पण कार्यकर्ते कोणत्या समाजातून घ्यावेत, हाही प्रश्न बाबासाहेबांनी त्याच पत्रात मांडला होता. समाजसेवेला शेवटचा आसरा समजणारे लबाड लोक दोन्हीकडे आहेत, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. तरीही अस्पृश्यांतून आलेला कार्यकर्ता हे काम प्रेमाने करील आणि कामाच्या यशासाठी तेच आवश्यक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे त्यांच्या दृष्टीने काम घेणे आणि कामावर प्रेम असणे यांत विरोध नव्हता. ज्याचे दुःख आहे त्यालाच त्या दुःखाच्या निवारणाचे काम आणि त्या कामाचा मोबदला मिळावा, असा हा हिशेब होता.

गांधीजींची भूमिका वेगळी होती. हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, कर्ज त्यांचे आहे, तेव्हा संघ त्यांनीच चालवावा, असे ते म्हणत. ऋणकोने कर्ज फेडावे हे ठीक. पण फेडीची रक्कम, फेडीची रीत आणि फेडणाऱ्यांचे कार्यालय हे सारे ऋणकोच ठरविणार असेल, तर धनकोच्या हाती काय उरते? आज कोणत्याही मोठ्या संस्थेची रचना पाहा. वर विश्वस्त आणि संचालक, खाली वस्तीत फिरणारे संघटक. वरच्यांची जात आणि खालच्यांची जात विचारण्याची गरज पडते काय?

आपल्या बाजूचा इतिहास याहून कोरडा आहे. जाईबाई चौधरी डोक्यावर ओझी वाहून कामठी-नागपूर अशी हमाली करीत. एका मिशनरी बाईंनी त्यांना महिना चार रुपयांवर शिक्षिकेचे काम दिले. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते हे कळताच सवर्णांनी गिल्ला केला आणि ते कामही गेले. त्याच जाईबाईंनी १९२२ साली नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली आणि १९३७ साली ते मध्यप्रांताच्या विधिमंडळात निवडून आले. १२ जानेवारी १९३९ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते क्षयाने गेले. 'जयभीम' म्हणताना आपण त्यांचे स्मरण करतो. स्वतः बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने मोबदल्यावाचून एकट्याने लिहिले आणि पत्राचे ऋण समाजाने फेडू नये काय, असा प्रश्न १९२८ साली त्याच पत्रातून समाजाला विचारला. वाचकाला तो प्रश्न टोचला असेलच. उत्तर मात्र पत्र बंद पडण्यात मिळाले.

तेव्हा दोष केवळ त्यांच्या संस्थांना देऊन चालणार नाही. आपल्या संघटनांनी पूर्णवेळ कार्यकर्त्याला काय दिले? सभेत हार, म्हातारपणी सत्कार आणि मेल्यावर शोकसभा. ६ डिसेंबर १९७८ रोजी कांशीराम यांनी बामसेफ उभी केली तेव्हा त्यांनी नोकरदारांपुढे साधा हिशेब ठेवला: आरक्षणामुळे पगार मिळाला, त्यातला वाटा समाजाला परत करा. चळवळीचा पैसा चळवळीच्याच माणसांकडून आला तर चळवळीचा मालक बाहेरचा राहत नाही, हे त्यामागचे सूत्र होते. प्रस्तुत लेखक प्राध्यापक आहे, पगार घेतो. म्हणून हा प्रश्न त्याने प्रथम स्वतःला विचारला पाहिजे.

आता कायद्याकडे वळू. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात 'उद्योग' या शब्दाचा अर्थ विस्तारला. पगारी माणसे लावून काम करणारी धर्मादाय संस्थाही उद्योग ठरू शकते, असे म्हटले गेले. मात्र जेथे माणसे ध्येयाने ओढली जाऊन विनामूल्य किंवा अल्प मानधनावर राबतात, ते आश्रम वगळले गेले. म्हणजे मानधन हा शब्द नुसता गोड नाही, तो कायदेशीर ढालही होऊ शकतो. सेवाभावी संस्थांना उद्योगाच्या व्याख्येतून सरसकट वगळणारी दुरुस्ती संसदेने १९८२ साली केली. ती अंमलात आली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने मात्र धर्मादाय, सामाजिक व परोपकारी सेवेत मुख्यत्वे गुंतलेल्या संघटनांच्या संस्था उद्योगाबाहेर काढल्या. घरी बसून बिड्या वळणाऱ्या माझ्या मायला १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने कर्मचारी मानले होते. तिच्या शिकलेल्या मुलीला मात्र कामावरून काढल्यास औद्योगिक विवाद उभा करण्याची वाट उरलेली नाही. एका पिढीने शिकून हे कमावले काय?

वाट मुळीच नाही असेही नाही. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदानाचा हक्क आहे, असा निर्णय दिला. १९७५ पासून मानधनावर राबणाऱ्या या स्त्रियांना ते मिळायला सत्तेचाळीस वर्षे लागली. २००५ पासून गावोगाव फिरणाऱ्या आशांना सरकारने नावच 'स्वयंसेविका' दिले आणि मोबदला बिडीसारखा नगावर ठेवला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण महाराष्ट्रात त्यांच्या मोबदल्यात वाढ झाली ती २०२१ च्या आणि २०२३ च्या संपांनंतर. गौरवाने पोट भरले असते तर त्या रस्त्यावर कशाला बसल्या असत्या?

म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. संस्थेच्या प्रकल्प-अर्जात संघटकाचे वेतन, भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि बाळंतपणाची रजा ही पहिल्या पानावर असली पाहिजेत आणि संचालकाचे वेतनही त्याच पानावर असले पाहिजे. वस्तीतून आलेली बाई व्यवस्थापनात बसली पाहिजे. आपल्या स्वतःच्या संघटनांनी पूर्णवेळ कार्यकर्त्यांसाठी वर्गणीतून कायम निधी काढला पाहिजे. ज्याच्या घरी दुसऱ्या कोणाचा पगार येतो त्यालाच त्याग परवडतो. चळवळ त्यागावरच सोडली तर ती अशा घरांच्या हाती जाते, हे शंभर वर्षांनी आपल्याला शिकविले आहे.

बहीण आता पुन्हा वस्तीत फिरते. कोणाच्या संस्थेत नाही. तिच्यासारख्या सात-आठ जणी मिळून अर्ज लिहून देतात आणि देणाऱ्याकडून ठरलेले पैसे घेतात. परवा एक गृहस्थ तिला म्हणाले, "बाई, समाजकार्याचे पैसे घेता?" ती म्हणाली, "हो. पावती देते."