शब्दवेध : ताईत

‘लॉकेट’ इंग्रजीत आलं ते फ्रेंच ‘लोके’वरून. अर्थ, दाराची छोटी कडी. मिटता येणाऱ्या डबीला हे नाव शोभतंच. आपल्याकडे मात्र तिचं काम ताईत करायचा. गरिबाचा तांब्याचा, राजाचा सोन्याचा, जडावाचा. आत मंत्राचा किंवा यंत्राचा कागद. मूळ अरबी ‘तअवीज’, त्याच्या धातूत आसरा मागण्याचा भाव आहे. म्हणजे इंग्रजीने कडी पाहिली, अरबीने आतली भीती. मला दुसरं नाव जास्त खरं वाटतं.

राजाच्या अशा सोन्याजडावाचं पुढे काय होऊ शकतं, ते नागपुरात दिसलं. १८५४पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी १८५३च्या डिसेंबरात वारले, औरस वारस नव्हता. ब्रिटिश गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. राण्यांच्या, विशेषतः बांकाबाईंच्या, विरोधाला न जुमानता वाड्यातलं जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात काढलं. अशा विक्रीत दागिन्याचं वजन नोंदलं जातं, तो कुणाच्या गळ्यात होता ते नाही.

‘गळ्यातला ताईत’ म्हणजे अतिशय लाडका माणूस, हा अर्थ मराठीने नंतर जोडला. आसरा देणारी वस्तू इथे जपायची वस्तू झाली.