कोरे डेनिम : एका सामान्य कापडाच्या प्रतिष्ठेचा इतिहास

शिवून झाल्यावर एकदाही न धुतलेली, मागावरची खळ तशीच अंगावर असलेली आणि निळीच्या गडद थरामुळे जवळजवळ काळपट दिसणारी जीन्स म्हणजे कोऱ्या डेनिमची, व्यवहारातल्या भाषेत ‘रॉ डेनिम’ची जीन्स होय. अशा जीन्सचे अनेक नग कपाटात बाळगून, त्यांतला प्रत्येक नग महिनोन्‌महिने वापरून, कोणता कसा विटला हे एकमेकांशी ताडून पाहणारा शौकिनांचा वर्ग आज जपान, अमेरिका आणि युरोपात चांगला रुजला आहे. हा शौक जुन्या कारागिरीचा अखंड वारसा असल्याचे विक्रेते सांगतात. इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही. ज्या गुणांवरून आज दोन जीन्सची तुलना होते, ते गुण आपल्या काळी एक तर इतके सर्वसाधारण होते की कोणी त्यांची दखल घेत नसे, किंवा गिरणीमालक ज्यांच्यापासून सुटका करून घेऊ पाहत होते असे दोष होते. उत्पादनातून ते नाहीसे झाल्यावरच त्यांना मोल आले आणि ते मोल ठरवण्याचे काम अमेरिकेपेक्षा जपानमध्ये अधिक झाले.

या इतिहासाकडे वळण्यापूर्वी बाजारात एकत्र बांधल्या गेलेल्या तीन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट कोरेपणाची : शिवल्यानंतर जीन्स धुतली आहे की नाही, एवढाच तिचा अर्थ. दुसरी गोष्ट आकसण्याची : मागावरून उतरलेले सुती कापड पहिल्या धुण्यात दहा टक्क्यांपर्यंत आटू शकते, तर ‘सॅनफराइझ’ केलेले, म्हणजे ओलावा, उष्णता आणि दाब यांच्या साहाय्याने गिरणीतच आधी आकसवून घेतलेले कापड त्यानंतर फारसे आटत नाही. अमेरिकेतील सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास ही प्रक्रिया सिद्ध केली. तिसरी गोष्ट किनारीची : धोट्याच्या मागावर बाण्याचा धागा प्रत्येक फेरीला काठाशी वळून परत येत असल्याने कापडाला आपोआप बंद किनार मिळते आणि पायाचा घेर उलटा दुमडल्यावर ती बाहेरच्या शिवणीलगत दिसते, हीच ‘सेल्वेज’. कोरी जीन्स सॅनफराइझ केलेली असू शकते आणि किनारीची जीन्स धुवून विकलेली असू शकते. तिन्हींची कारणे वेगळी आणि त्या लोपण्याचे काळही वेगळे आहेत.

डेनिमचे विटणे समजण्यासाठी त्याची वीण आणि त्याचा रंग दोन्ही पाहावे लागतात. या तिरप्या विणीच्या कापडात ताणा निळीने रंगवलेला आणि बाणा पांढराच ठेवलेला असतो, शिवाय विणीच्या रचनेमुळे दर्शनी बाजूस ताण्याचे धागे अधिक येतात. त्यामुळे कापड बाहेरून निळे आणि आतून फिकट दिसते. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिचे रासायनिक क्षपण करून तिला विद्राव्य, पिवळट-हिरव्या रूपात आणावे लागते, आणि त्या द्रावणात बुडवून काढलेला धागा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन निळा होतो. अनेक धागे दोरासारखे एकत्र करून त्यांना अशा बुचकळ्या पुन्हापुन्हा देण्याच्या पद्धतीत, म्हणजे ‘रोप डाइंग’मध्ये, रंग धाग्याच्या बाहेरच्या थरातच राहतो आणि गाभा पांढरा उरतो. गुडघा, मांडी, खिसा अशा ठिकाणी घर्षण होऊन वरचा थर झिजला की हा गाभा उघडा पडतो. रंगाऱ्याच्या दृष्टीने हा रंग पक्का न बसण्याचा दोष होय. शौकिनाच्या दृष्टीने जीन्सचे सारे सौंदर्य या दोषातूनच निपजते.

या कापडाला जीन्सचे रूप आले ते कष्टकऱ्यांच्या गरजेतून. नेवाडातील रीनो येथील शिंपी जेकब डेव्हिस कामगारांच्या विजारींचे खिसे फाटू नयेत म्हणून ताणाच्या जागी तांब्याच्या रिव्हेट ठोकत असे. सान फ्रान्सिस्कोतील ज्या कापडव्यापाऱ्याकडून तो कापड घेई, त्या लीव्हाय स्ट्रॉस यांच्या भागीदारीत त्याने या युक्तीचे पेटंट मिळवले. त्याची तारीख २० मे १८७३. आरंभीचे डेनिम न्यू हॅम्पशायरमधील ॲमॉस्केग गिरणीचे होते, तर पुढे १९१५ पासून नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथील कोन मिल्सची ‘व्हाइट ओक’ गिरणी लीव्हाय स्ट्रॉस कंपनीला कापड पुरवू लागली आणि त्या कंपनीच्या ‘५०१’ या प्रकाराशी तिचे नाव कायमचे जोडले गेले. या काळात सर्वच जीन्स कोऱ्या विकल्या जात आणि सर्वच डेनिम धोट्याच्या मागावर निघे. लीव्हायच्या कापडाच्या किनारीतला लाल धागाही गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून घातलेला नसून, कोणते कापड कोणासाठी विणले आहे याची गिरणीतली खूण होता.

कपाटातल्या जीन्समध्ये आज जो फरक जाणवतो, त्याचे मूळ या अमेरिकी उत्पादकांनी घेतलेल्या व्यावहारिक निर्णयांत आहे. लीव्हायच्या कापडात विणीच्या तिरप्या रेषा खालून वर उजवीकडे जातात. कॅन्ससमधील एच. डी. ली यांच्या कंपनीने डावीकडे जाणारी वीण वापरली आणि धाग्याच्या पिळाशी या दिशेचा जो संबंध येतो त्यामुळे ते कापड वापरानंतर अधिक मऊ पडते. या दोन्ही विणींत धुतल्यावर कापडाला एका अंगाला ओढ बसून विजारीचा पाय पिळला जातो. तो पीळ टाळण्यासाठी रँग्लर कंपनीने १९६० च्या दशकात तिरप्या रेषेची दिशा मधूनच मोडणारी ‘ब्रोकन ट्विल’ वीण स्वीकारली. आकसण्याबाबतही मार्ग वेगळे झाले : इतरांनी सॅनफराइझ केलेले कापड वापरले, तर लीव्हायने ५०१ दीर्घकाळ न आटवलेल्या कापडातच शिवली आणि दोन-तीन मापे मोठी घेऊन ती धुवून अंगाशी बेतण्याचे काम गिऱ्हाइकावर सोपवले. पाय पिळलेली जीन्स त्या काळी तक्रारीचा विषय होई. आज तोच पीळ न आटवलेल्या कापडाचा पुरावा म्हणून कौतुकाने दाखवला जातो.

दोषाचा असा गुण होण्याचे सर्वांत बोलके उदाहरण दुसऱ्या महायुद्धाने पुरवले. धातू आणि धागा वाचवण्याच्या सरकारी निर्बंधांमुळे ५०१ वरच्या काही रिव्हेट आणि कंबर आवळण्याचा मागचा पट्टा काढून टाकावा लागला, तर मागच्या खिशांवरची कमानीसारखी दुहेरी शिवण केवळ सजावटीची ठरल्याने ती रंगाने छापण्यात आली. हाती येईल त्या सामानात काम भागवल्यामुळे बटणे आणि खिशांची अस्तरेही एकसारखी राहिली नाहीत. टंचाईने लादलेली ही विसंगती निर्मात्यांना नकोच होती. परंतु आजच्या जपानी कारखान्यांत जुन्या जीन्सच्या ज्या प्रतिकृती निघतात, त्यांत ‘युद्धकालीन नमुना’ हा एक आवडीचा प्रकार असून न जुळणाऱ्या बटणांसह तो काटेकोरपणे पुन्हा घडवला जातो.

युद्धानंतर जीन्स तरुणांचे वस्त्र झाली, मागणी वाढली आणि उत्पादनाचे गणित बदलले. धोट्याच्या मागावर निघणाऱ्या डेनिमचा पन्हा साधारण तीस इंचांच्या आसपास असे. धोट्याविना चालणारे माग त्याच्या जवळजवळ दुप्पट पन्ह्याचे कापड कितीतरी वेगाने विणू लागले. इचलकरंजी किंवा भिवंडीच्या मागवाल्याला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही, कारण धोटा, कांडी आणि शटललेस माग यांचे हेच अर्थकारण तेथेही घडले आहे. याच सुमारास धाग्याच्या कताईत ‘ओपन-एंड’ ही जलद पद्धत आली. तिचा धागा एकसारखा असला तरी त्यात जुन्या रिंग कताईच्या धाग्यासारखा सूक्ष्म जाडबारीकपणा नसल्याने कापड सपाट विटू लागले. १९७० नंतर गिऱ्हाइकाला नरम, आधीच विटवलेली जीन्स हवीशी झाली आणि दगडांसह धुण्याचे ‘स्टोनवॉश’ तंत्र सर्वत्र पसरले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात लीव्हायच्या नेहमीच्या ५०१ वरून किनारही गेली. अमेरिकेत कोणाला त्याची फारशी खंत वाटल्याचे दिसत नाही, कारण उत्पादकाच्या हिशेबी ही सरळ सरळ प्रगतीच होती.

जपानमध्ये मात्र जीन्स आली तीच परक्या देशाची वस्तू म्हणून, आणि त्यामुळे तिच्याकडे पाहण्याची नजर पहिल्यापासून वेगळी राहिली. युद्धोत्तर काळात अमेरिकी सैनिकांच्या वापरलेल्या जीन्स तोक्योच्या आमेयोको बाजारात विकल्या जात. ओकायामा प्रांतातील कोजिमा हा समुद्र हटवून मिळवलेल्या खारट जमिनीवर कापूस पिकवणारा आणि पुढे शालेय गणवेश शिवणारा भाग. १९६० च्या दशकात कृत्रिम धाग्याच्या गणवेशांनी तिथल्या लहान कारखान्यांचा धंदा अडचणीत आला, तेव्हा त्यांतील मारुओ कंपनीने अमेरिकी डेनिम मागवून १९६५ मध्ये जीन्स शिवायला घेतली आणि पुढे ‘बिग जॉन’ हे नाव रूढ केले. कापडही लवकरच देशी झाले. हिरोशिमा प्रांतातील काइहारा कंपनी मुळात निळीत रंगवलेले पारंपरिक ‘कासुरी’ कापड काढत असे; त्याची मागणी घटल्यावर तिने १९७० मध्ये दोरपद्धतीने रंगवण्याचे यंत्र स्वतः उभारले. कुराशिकीच्या कुराबो गिरणीने १९७३ च्या सुमारास ‘केडी-८’ हे पहिले जपानी डेनिम बाजारात आणले. निळीशी जुना परिचय असलेल्या रंगाऱ्यांच्या हाती हे कापड पडले, ही गोष्ट पुढील घडामोडींच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

पुढचे पाऊल ओसाकात पडले. १९७९ मध्ये सुरू झालेली स्टुडिओ दार्तिझाँ आणि तिच्यामागून १९९५ पर्यंत निघालेल्या दनीम (Denime), एव्हिसू, फुलकाउंट आणि वेअरहाउस या कंपन्यांनी जुन्या अमेरिकी जीन्स उसवून धाग्याची जाडी, पीळ, रंगाची खोली आणि शिवणीचे टाके तपासले व त्याबरहुकूम नवे कापड विणून घेतले. लीव्हायने मोडीत काढलेले माग जपान्यांनी विकत नेले, अशी एक कथा फार प्रचलित आहे. पण हे कापड प्रामुख्याने जपानी मागांवर विणले गेले. साकिचि तोयोदा यांनी १९२४ मध्ये पूर्णत्वास नेलेला ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग इतका सरस होता की १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनेच त्याचे हक्क घेतले; त्याच घराण्यातले जुने माग येथे उपयोगी पडले. कमी ताणावर, संथ गतीने विणल्यामुळे आणि मुद्दाम जाडबारीक कातलेल्या धाग्यामुळे या कापडात जो खडबडीतपणा आला, तो जुन्या अमेरिकी कापडातही बहुधा एवढा नव्हता. जपानी डेनिम ही अशा रीतीने प्रतिकृतीच्या पलीकडे गेलेली, मुळातल्या दोषांना जाणीवपूर्वक वाढवणारी निर्मिती होती.

तुलनेची परिभाषाही तिथेच घडली. मांडीच्या सांध्यापाशी बसल्याने पडणाऱ्या आडव्या फिकट रेषांना ‘हिगे’, गुडघ्यामागच्या जाळीदार चुण्यांना ‘हाचिनोसु’, शिवणी आणि खिशाच्या कडांवर उमटणाऱ्या झिजेला ‘आतारी’ आणि ताण्याच्या दिशेने उतरणाऱ्या उभ्या विटक्या रेघांना ‘ताते-ओचि’ म्हणतात. पायाच्या घेराला साखळी टाक्याची शिवण घालणाऱ्या युनियन स्पेशल कंपनीच्या जुन्या यंत्रात कापड किंचित तिरपे ओढले जाई आणि धुतल्यावर तिथे दोरासारखा पीळ दिसे. यंत्रातल्या या उणिवेसाठी ती यंत्रे आज शोधून, दुरुस्त करून वापरली जातात. या बारकाव्यांना ऐतिहासिक पुराव्याचे वजन येण्यामागे एक दुर्घटनाही आहे : १९०६ च्या सान फ्रान्सिस्कोतील भूकंप व आगीत लीव्हाय स्ट्रॉस कंपनीचे जुने दप्तर नष्ट झाले, त्यामुळे तिच्या आरंभीच्या मालाचा इतिहास जुन्या खाणींत सापडणाऱ्या जीन्सवरूनच जुळवावा लागतो. नेवाडातील खाणगावात मिळालेली १८८० च्या दशकातील एक जीन्स २००१ मध्ये लिलावात परत घेण्यासाठी कंपनीला ४६,५३२ डॉलर मोजावे लागले.

भारताचा या इतिहासाशी संबंध मुख्यतः कष्टाच्या आणि किमतीच्या बाजूने आला. मुंबईतील डोंगरी किल्ल्याजवळच्या बाजारातले जाडेभरडे सुती कापड इंग्रज व्यापाऱ्यांनी परदेशी नेले आणि कामगारांच्या ‘डंगरी’ विजारींना त्यावरूनच नाव मिळाले. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणल्यावर बिहारच्या मळेवाल्यांनी आपला तोटा वाढीव खंडाच्या रूपाने रयतेवर लादला आणि १९१७ च्या चंपारण सत्याग्रहाची पार्श्वभूमी तयार झाली; जगभरची डेनिम स्वस्तात निळी होऊ शकली ती याच कृत्रिम निळीमुळे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अहमदाबादच्या अरविंद मिल्सने डेनिमचे मोठे उत्पादन सुरू केले आणि उल्हासनगर जीन्स शिवण्याचे व धुण्याचे केंद्र बनले. तिथल्या धुलाई कारखान्यांच्या रंगीत सांडपाण्याने वालधुनी नदीची जी दशा केली, ती आधीच विटवलेल्या जीन्सची किंमत कोणाच्या खात्यावर पडते हे दाखवून देते. हवेच्या झोताने वाळू मारून कापड विटवण्याच्या पद्धतीने कामगारांना फुप्फुसाचा सिलिकोसिस जडल्यामुळे तुर्कस्तानने २००९ मध्ये तिच्यावर बंदी घातली, हेही त्याच हिशेबात धरावे लागते.

जपानी कौतुकाचे पडसाद अखेर अमेरिकेत उमटले. व्हाइट ओक गिरणीने ‘ड्रेपर’ बनावटीचे धोट्याचे जुने माग पुन्हा चालू केले आणि लाकडी जमिनीच्या कंपनामुळे कापडात येणाऱ्या अनियमिततेची चक्क जाहिरात होऊ लागली. तरीही ती गिरणी २०१७ च्या अखेरीस बंद पडली, कारण शौकिनांची मागणी एवढा कारखाना पोसण्याइतकी कधीच नव्हती. या शेवटावरून शौकाचे खरे स्वरूप उघड होते. कोऱ्या डेनिमची संस्कृती मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या जागी उभी राहू शकत नाही. ती त्या उत्पादनाने टाकून दिलेल्या गोष्टींची निवडक पुनर्रचना आहे. म्हणून दोन जीन्स शेजारी ठेवून तुलना करताना कोणती अधिक ‘अस्सल’ या प्रश्नातून फारसे हाती लागत नाही. कोणत्या गिरणीने, कोणत्या काळात, कशाची बचत करण्यासाठी कोणता निर्णय घेतला, आणि त्या निर्णयातून राहिलेली उणीव नंतर कोणी व का जपली, हे विचारले तर मात्र प्रत्येक नगातून गेल्या दीडशे वर्षांच्या वस्त्रोद्योगाचा एकेक टप्पा वाचता येतो.