शिकारी रायफल, भारतातील
दूरच्या नेमबाजीसाठी खोबणीदार नळीचे अग्निशस्त्र. निवडीत नळीच्या व्यासाबरोबर (कॅलिबर) गोळीचे वजन, आकार व वेग महत्त्वाचे ठरतात. ब्रिटिश काळात .३०३ सारखी लष्करी काडतुसे नागरिकांना वर्ज्य असल्याने .३१५ रूढ झाले. पुढे ईशापूरच्या कारखान्यात या रायफली बनू लागल्या. .३१५ ची जड, बोथट गोळी लांब पल्ल्यावर वेगाने खाली येते, म्हणून मोठ्या वर्धनाच्या दुर्बिणीचा फारसा लाभ होत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकार निषिद्ध आहे. धोकादायक प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षक अपवादात्मक परवानगी देऊ शकतो.  शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात.