टेकडीवरील नवसाचे चॅपेल

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात सॉक नावाची नदी मिसिसिपीला जाऊन मिळते. तिच्या काठी कोल्ड स्प्रिंग हे लहानसे गाव आहे. गावाच्या कडेला असलेल्या टेकडीवर ग्रॅनाइट दगडाचे एक छोटे चॅपेल उभे आहे. त्याच्या दारावर पवित्र मरियामातेचे शिल्प असून तिच्या चरणांशी दोन टोळ नतमस्तक झालेले कोरले आहेत. मातेच्या चरणांशी देवदूत आणि मेंढपाळ पाहण्याची सवय असलेला भाविक हे शिल्प पाहून क्षणभर थबकतो. उभ्या पिकाचा फडशा पाडणाऱ्या किड्याला देवाच्या दारी हे स्थान का मिळावे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की त्या परिसरातील पहिल्या वसाहतीचा इतिहास आपोआप उलगडत जातो.

हे गाव वेकफिल्ड टाउनशिपच्या परिसरात येते. टाउनशिप म्हणजे आपल्या समजुतीतील गाव नव्हे. १७८५ च्या भूमापन कायद्यानुसार अमेरिकन सरकारने नव्या मुलखाची विभागणी सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनांत केली. अशा प्रत्येक चौकोनाचे ३६ भाग आणि प्रत्येक भागात ६४० एकर जमीन. मिनेसोटात १६ वा व ३६ वा भाग शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवलेला असे. भागाचा चतुर्थांश, म्हणजे १६० एकर, हे एका कुटुंबाचे शेत. गुंठ्यागुंठ्याचा हिशेब करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ६,४०० गुंठ्यांचा हा तुकडा संस्थानासारखाच वाटेल. घरे एकमेकांना लागून नव्हती. प्रत्येक कुटुंब आपापल्या शेतात एकाकी राहत असे. त्यांना एकत्र आणणारे ठिकाण एकच, ते म्हणजे चर्च.

पण ही चौकोनी आखणी कोऱ्या कागदावर झाली नव्हती. या भूमीवर डाकोटा लोकांच्या पिढ्या नांदत आल्या होत्या. उत्तरेला ओजिब्वे लोकांचा मुलूख होता. १८५१ च्या दोन करारांन्वये डाकोटांनी सुमारे दोन कोटी चाळीस लाख एकर जमीन अमेरिकन सरकारच्या स्वाधीन केली. तिचा मोबदला एकरी साडेसात सेंटच्या आसपास पडतो, आणि ती रक्कमही एकहाती त्यांच्या पदरात पडली नाही. तीच जमीन सरकार नव्या वसाहतवाल्यांना एकरी सव्वा डॉलरने, म्हणजे १२५ सेंटला, विकत होते. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की फारसे भाष्य करण्याची गरज उरत नाही.

या वसाहतीच्या उभारणीत एका धर्मगुरूचा मोठा वाटा होता. फादर फ्रान्सिस पिअर्झ यांचा जन्म १७८५ साली स्लोव्हेनियात झाला. वयाच्या पन्नाशीत, १८३५ साली, ते मिशनकार्यासाठी अमेरिकेस आले. १८५२ साली, सदुसष्टीच्या उंबरठ्यावर, ते मिनेसोटातील ओजिब्वे लोकांत काम करण्यास पोहोचले. सॉक नदीचे खोरे पाहून ते मोहरून गेले. सिनसिनाटीहून निघणाऱ्या एका जर्मन कॅथलिक साप्ताहिकातून त्यांनी पत्रे लिहिली आणि १८५५ साली एक पुस्तकही प्रसिद्ध केले. हवा निरोगी आहे, माती सुपीक आहे, लाकूड व पाणी मुबलक आहे. श्रद्धावान कॅथलिकांनो, लवकर या, असा त्यांचा सांगावा होता. त्याला ओ देऊन जर्मन कुटुंबे बैलगाड्यांतून या खोऱ्यात येऊ लागली. ओंडक्यांची घरे उभी राहिली, नांगराखाली प्रथमच कुरण फुटू लागले. मे १८५६ मध्ये पेन्सिल्व्हेनियातून बेनेडिक्टाईन संन्यासी आले. चर्च नव्हते तेव्हा ते वसाहतवाल्यांच्या झोपड्यांतच मिस्सा अर्पण करीत आणि पुढच्या वस्तीची वाट धरीत.

फादर पिअर्झ यांच्या कार्यातील एक विसंगती येथे नजरेआड करता येत नाही. मूळ रहिवाशांच्या आत्म्यांसाठी त्यांनी आयुष्य वेचले, आणि त्याच वेळी त्या भागात परक्यांची वस्ती वाढवण्यासाठी लेखणी झिजवली. दोन्ही कामे त्यांनी श्रद्धेनेच केली. पण दुसऱ्या कामाची किंमत मोजली ती मूळ रहिवाशांनी. सरकारकडून पैसा व धान्य वेळेवर न आल्याने उपासमारीने गांजलेले डाकोटा १८६२ च्या ऑगस्टमध्ये उठले. शेकडो वसाहतवाले मारले गेले. भयभीत कुटुंबे शेते टाकून पळाली. त्या वर्षी २६ डिसेंबरला मँकॅटो येथे ३८ डाकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. त्यांतील बहुतेकांना मृत्यूपूर्वी फादर ऑगस्टिन रावू यांनी बाप्तिस्मा दिला होता. पुढील वर्षी डाकोटांची राज्यातून हकालपट्टी झाली.

वसाहतवाले परतले, शेते पुन्हा बहरली. आणि १८७३ साली पश्चिमेकडून रॉकी पर्वतातील टोळांचे ढग आले. सूर्य झाकोळला. गहू गेला, भाजीपाला गेला. वाळत घातलेले कपडे आणि अवजारांचे दांडेही त्यांनी कुरतडले. जाताना ते जमिनीत अंडी घालून जात, म्हणून पुढच्या वसंतात संकट मातीतूनच उगवे. डांबर फासलेले पत्रे घोड्यांना जुंपून शेतकरी शेतातून ओढीत, चिकटलेले टोळ जाळीत. हे पाच वर्षे चालले. अखेर गव्हर्नर जॉन पिल्सबरी यांनी २६ एप्रिल १८७७ हा राज्यभर उपवास व प्रार्थनेचा दिवस म्हणून जाहीर केला. कोल्ड स्प्रिंगच्या परिसरातील भाविकांनी फादर लिओ विंटर यांच्या नेतृत्वाखाली नवस केला: माते, हे अरिष्ट टाळ, आम्ही तुझ्या नावे टेकडीवर चॅपेल बांधू. त्या उन्हाळ्यात टोळ उडून गेले. लाकडी चॅपेल उभे राहिले आणि मरियेच्या स्वर्गउन्नयनाला अर्पण करण्यात आले.

१८९४ च्या चक्रीवादळाने ते चॅपेल उद्ध्वस्त केले. पुढे ५८ वर्षे टेकडी ओकीबोकी होती. पण नवस विसरला गेला नव्हता. १९५२ साली, ज्यांनी टोळधाड पाहिलीही नव्हती अशा पिढीने, ग्रॅनाइटचे नवे चॅपेल बांधून आजोबा-पणजोबांचा शब्द पाळला.

त्या टोळाचे पुढे काय झाले? ज्याने आकाश झाकले तो जीव पृथ्वीवरूनच नाहीसा झाला. त्याचा शेवटचा जिवंत नमुना १९०२ साली कॅनडात सापडला. ज्या पर्वतीय नदीखोऱ्यांत तो अंडी घाली, तीच वसाहतवाल्यांनी नांगरून काढल्यामुळे त्याचा वंश खुंटला, असे काही कीटकशास्त्रज्ञ मानतात. हे खरे असेल, तर नांगराने त्याला संपवले. म्हणून प्रार्थना व्यर्थ होती असे मुळीच नाही. संकटात गुडघे टेकणाऱ्या त्या माणसांना एकमेकांचा आधार मिळाला, आणि दिलेला शब्द पाळण्याचे शिक्षण त्यांच्या नातवंडांना मिळाले.

तरीही दारावरील ते शिल्प पाहताना मन एका ठिकाणी अडखळते. वसाहतीने आपल्या शत्रूचे, टोळाचे, स्मरण दगडात कोरले. ज्यांची भूमी होती, त्यांना मात्र त्या दारावर जागा नाही. प्रत्येक धर्मग्राम आपल्या महोत्सवी स्मरणिकेत पहिल्या चर्चपासून इतिहास मांडतो, आणि ते स्वाभाविकही आहे. पण पहिल्या चर्चच्या आधीही त्या जमिनीवर कोणीतरी राबत होते, हसत होते, आपले मृत मातीत ठेवत होते. मरियामातेने आपल्या स्तोत्रात दीनांना उंचावणाऱ्या देवाचा गौरव केला. तिच्या नावे बांधलेल्या चॅपेलच्या इतिहासात त्या दीनांचेही एक पान असावे, ही अपेक्षा तिच्या लेकरांकडून करणे अवाजवी ठरू नये.