बिलिंग काउंटरची वीजसुरक्षा

बिलिंग काउंटरची वीजसुरक्षा : दुकानाच्या गल्ल्यावरील संगणक, बिलाचा प्रिंटर, बारकोड स्कॅनर, वजनकाटा, राउटर व स्वाइप मशीन वीज गेल्यावर चालू ठेवण्याची आणि विजेच्या झटक्यांपासून वाचवण्याची व्यवस्था. ही दोन वेगळी कामे आहेत : वीज नसेल तेव्हा ती पुरवणे, म्हणजे बॅकअप, आणि नको तेवढी आली तर ती अडवणे, म्हणजे सर्जसंरक्षण. बाजारात दोन्ही एकाच डब्यात मिळतात, त्यामुळे यूपीएस घेतला की काम झाले असा समज रुजला आहे. तो महागात पडतो. हिशेबाची फाइल वीज जाताना बिघडते. यंत्रे मात्र बहुधा वीज परत येताना जळतात.

महाराष्ट्रात 2005 नंतरच्या काही वर्षांत भारनियमन तीव्र होते. तेव्हा दुकानात इन्व्हर्टर आला तो दिवे आणि पंख्यासाठी; बिल हाताने लिहिले जाई. पुढे 2016 ची नोटाबंदी, त्याच वर्षी सुरू झालेले यूपीआय आणि 1 जुलै 2017 पासूनचा जीएसटी यांनी गल्ल्याचे रूप पालटले. आता लाइट गेली की भाव, साठा, कर आणि उधारी या चारही गोष्टी पडद्याबरोबर काळोखात जातात. हा प्रश्न फक्त आडगावचा नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी वीजवाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई महानगरातील वीज गेली, तेव्हा लोकलही जागच्या जागी थांबल्या होत्या.

निवडीची सुरुवात भारापासून करावी. साधा संगणक व मॉनिटर मिळून शंभर-सव्वाशे वॉट, राउटर दहा-बारा वॉट आणि स्कॅनर दोन-तीन वॉट घेतो. थर्मल प्रिंटर निवांत असताना जवळजवळ काही घेत नाही, पण बिल छापताना क्षणभर साठ वॉटपर्यंत जातो. यूपीएसवर 600 व्हीए लिहिलेले असले तरी तो सहसा 360 वॉटचाच असतो. खोक्यावरचा मोठा आकडा पाहून घेणाऱ्याची फसगत होते ती इथे. आत बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची एकच बॅटरी असते. वरच्या भारावर ती नवी असताना पंधरा-वीस मिनिटे चालते. रांगेतली बिले संपवून संगणक नीट बंद करायला एवढा वेळ पुरतो, तासभर दुकान चालवायला नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नये. कागद भाजणारा त्याचा रोलर तापताना सात-आठशे वॉट ओढतो आणि यूपीएस ओरडून बंद पडतो.

यूपीएसचे तीन प्रकार आहेत. ऑफलाइन यूपीएस वीज असताना ती जशीच्या तशी पुढे देतो आणि गेल्यावर बॅटरीकडे वळतो. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस बॅटरीला हात न लावता कमी-जास्त व्होल्टेज काही प्रमाणात सावरतो. ऑनलाइन यूपीएस सगळी वीज आधी डीसी करून पुन्हा नव्याने एसी बनवतो, म्हणून त्यात बदलाचा क्षणच नसतो. पहिल्या दोन प्रकारांत तो सुमारे 4 ते 10 मिलिसेकंदांचा असतो. आपल्या 50 हर्ट्झ विजेचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते आणि संगणकाचा चांगला पॉवर सप्लाय जवळपास तेवढा वेळ साठवलेल्या विजेवर तग धरतो. म्हणून एका गल्ल्याच्या दुकानाला ऑनलाइन यूपीएसची चैन नको; लाइन-इंटरॅक्टिव्ह पुरेसा आहे. सर्व्हर ठेवणाऱ्या किंवा जनरेटरवर चालणाऱ्या मोठ्या दुकानाचे तसे नाही. लहान जनरेटरची फ्रिक्वेन्सी भार बदलला की हलते. साधा यूपीएस ती वीज नाकारून पुन्हा पुन्हा बॅटरीवर जातो आणि जनरेटर चालू असतानाच बॅटरी रिकामी होते. तिथे ऑनलाइनचा खर्च सार्थ ठरतो.

घरगुती इन्व्हर्टरवर काउंटर चालवणाऱ्यांनी त्याच्या पाठीमागचे छोटे बटण पाहावे. अनेक इन्व्हर्टरना ‘यूपीएस मोड’ असतो. बटण दुसऱ्या बाजूला राहिले तर पंखा नीट चालतो, पण लाइट जाताच संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टर खराब आहे म्हणून लोक दुरुस्तीवाल्याला बोलावतात, आणि तो ते बटण सरकवून जातो. इन्व्हर्टरच्या पुढे यूपीएस जोडायचा असेल तर इन्व्हर्टर शुद्ध साइनवेव्हचा हवा. स्क्वेअरवेव्ह वीज बरेच यूपीएस स्वीकारत नाहीत.

झटके अडवण्याचे काम व्हॅरिस्टर करतो. जळका स्पाइक गार्ड उघडला की तो दिसतो : नाण्याएवढी चपटी चकती, दोन तारांवर उभी, कडेने तडकलेली, आणि भोवतालचे प्लास्टिक काळवंडलेले. व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेले की ही चकती काही मायक्रोसेकंदांसाठी वाहक होते आणि झटका स्वतःवर घेते. प्रत्येक झटक्यात ती थोडी झिजते. गार्डचा दिवा लागतो म्हणजे चकती शाबूत आहे असे नव्हे. स्वस्तातल्या कित्येक ‘स्पाइक गार्ड’मध्ये ती नसतेच, तो केवळ स्विच लावलेला एक्स्टेंशन बोर्ड असतो. म्हणून पहिली भिंत मेन बोर्डात घालावी. त्यासाठी टाइप 2 सर्ज प्रोटेक्टर मिळतो. त्याच्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की तो बदलायचा. जोडणीची तार एकूण अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको, कारण जोरदार झटक्यात तारेच्या प्रत्येक मीटरमागे हजारभर व्होल्ट वाढतात आणि ते थेट यंत्रांच्या वाट्याला येतात.

न्यूट्रल तुटण्यावर व्हॅरिस्टरचा इलाज चालत नाही. डीपीवर किंवा इमारतीच्या मीटररूममध्ये थ्री-फेज लाइनचा न्यूट्रल सैल झाला, की 230 व्होल्टच्या जागी काही दुकानांत चारशेच्या जवळपास व्होल्टेज येते आणि शेजारच्या दुकानात दिवे मिणमिणतात. हे क्षणाचे काम नसते, मिनिटे न् मिनिटे चालते. एवढा वेळ भार सोसताना चकती स्वतःच पेटते. यासाठी जादा-कमी व्होल्टेजला पुरवठा तोडणारे वेगळे उपकरण बसवावे लागते. वीज परतल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून जोडणी करणारे घ्यावे, म्हणजे परतीच्या वेळचे धक्के ओसरून गेलेले असतात. किमतीच्या मानाने सर्वांत जास्त यंत्रे हेच उपकरण वाचवते, आणि दुकानात सर्वांत कमी आढळणारेही हेच.

या सगळ्याखाली अर्थिंग आहे. फेज आणि जमीन यांतला झटका जमिनीत सोडायला वाट नसेल तर सर्ज प्रोटेक्टरचे निम्मे काम अडते. भाड्याच्या गाळ्यात तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेमागे बऱ्याचदा तारच नसते. कोकणातला जांभा आणि मुरमाड जमीन वीज सहज वाहून नेत नाही. मराठवाडा-विदर्भातली काळी जमीन ओली असताना उत्तम, पण उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्याचा आणि मातीचा संबंध तुटतो. वळवाच्या विजा नेमक्या याच दिवसांत कडाडतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी घालावे आणि वायरमनकडून न्यूट्रल-अर्थिंगमधील व्होल्टेज मोजून घ्यावे. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून बरेच जास्त असेल तर आधी ते दुरुस्त करून मग यूपीएस खरेदीला जावे. या कामाची भारतीय मानक संहिता आयएस 3043 आहे. वीज चोरवाटेनेही शिरते : केबल, टेलिफोन किंवा गच्चीवरून ओढलेली तांब्याची नेटवर्क वायर. फायबरची काच वीज वाहत नाही, मात्र तिला आधार देणारी पोलादी तार वाहते.

पैशांचा खण प्रिंटरकडून येणाऱ्या इशाऱ्याने उघडतो. प्रिंटर बंद असताना तो फक्त किल्लीने उघडतो; ती किल्ली खणातच ठेवलेली असली तर सुटे पैसे आत आणि गिऱ्हाईक बाहेर अशी वेळ येते. वजनकाटा, स्वाइप मशीन आणि साउंडबॉक्स यांना स्वतःच्या बॅटऱ्या असतात. पण राउटर बंद पडला तर वायफायवरचे स्वाइप मशीन जिवंत असूनही मुके होते. राउटर वेगळ्या छोट्या डीसी यूपीएसवर ठेवला तर तो काही तास चालतो.

बॅटरी उष्णतेने मरते. 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. गल्ल्याखाली, फ्रीजच्या कॉम्प्रेसरला खेटून, पोत्यांमागे दाबलेला यूपीएस दोन उन्हाळ्यांत निकामी होतो. बाजू फुगलेली बॅटरी तात्काळ काढावी. बसवल्याची तारीख डब्यावर मार्करने लिहावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी, गर्दी नसताना, प्लग काढून किती मिनिटे निघतात ते पाहावे. जुन्या बॅटरीत शिसे असते. ती भंगारवाल्याकडे न देता नवी घेताना दुकानदाराला परत द्यावी. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तिच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे.