मोडी लिपी आणि ‘मया व अलफ’

1782 मध्ये सालबाईचा तह झाला. दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक ठरली आणि राघोबादादा कोपरगावला गोदाकाठी येऊन राहिले. 11 डिसेंबर 1783 रोजी ते इथेच वारले. त्या दिवशी वाड्यातल्या कारकुनानं सुतकाची पत्रं लिहायला घेतली असतील, तर त्यांत 1783 हा आकडा नक्कीच नव्हता. साल घालायचं तर त्यानं घातलं असेल ‘अर्बा समानीन मया व अलफ’. अर्बा म्हणजे चार, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार, एकूण 1184. हा शुहूर सन. त्यात 599 मिळवा, तारीख जानेवारी ते मे यांमधली असेल तर 600 मिळवा, की इसवी सन हाती येतो. मृग लागला की हे साल बदलतं, म्हणून कुणबिकीच्या आणि वसुलीच्या हिशेबाला ते सोयीचं. शब्द अरबी, आधी एकक मग दशक हा क्रमही अरबी. वर्ष मात्र आपल्या पेरणीचं, आणि हे सगळं लिहिलेलं मोडीत.

अरबी भाषा हिंदी महासागराच्या पलीकडच्या काठालाही पोचली होती. मादागास्करच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या आंतेमोरो लोकांनी तर अक्षरंच उचलली आणि आपली मालागासी भाषा अरबी लिपीत लिहिली. त्या लिपीला ते ‘सोराबे’ म्हणतात. आव्होहा नावाच्या झुडपाच्या सालीचा कागद करून ‘कातिबो’ म्हणजे लेखनिक त्यावर वंशावळी, मंत्र, ज्योतिष उतरवत. कातिब हा शब्द आपल्या जुन्या दप्तरांनाही अनोळखी नाही. आपण मात्र अक्षरं आपलीच ठेवली. अरबी-फारसीकडून घेतलं ते कचेरीचं शब्दभांडार, महिन्यांची नावं आणि हे साल.

मग मोडी आली कुठून? रूढ कथा हेमाडपंतांची. देवगिरीच्या यादवांचे हे करणाधिप, त्यांनी म्हणे ती लंकेहून आणली. बाजरी आणि दगडी देवळांसोबत मोडीही त्यांच्याच नावावर मांडून ठेवली आहे. आपल्याकडे वाली नसलेली गोष्ट हेमाडपंतांच्या खात्यावर टाकायची पद्धतच आहे. चांदोरकरांनी मोडीचं मूळ थेट अशोकाच्या मौर्यी लिपीत शोधलं, तर राजवाड्यांना तिच्यात फारसी ‘शिकस्ता’ या मोडक्या वळणाची छाया दिसली. मला स्वतःला लंका पटत नाही आणि मौर्यीही नाही. देवनागरीच भरभर लिहिता लिहिता वळणं घेत गेली आणि तिला शिस्त लावली ती कचेरीतल्या माणसांनी, एवढंच मानलं तरी सगळं जुळतं.

कारकून लिहायचा कसा, ते पाहिलं की हे पटतं. बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, आधी अक्षर आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ. मोडीत उलटं. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घ्यायची, मग तिला खालून अक्षरं लावत जायचं. बोरू होता होईतो उचलायचा नाही, उचलला तर शाईत बुडवण्यापुरताच. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही; दिन आणि दीन एकच. त्यामुळे मोडी जाणणारा अक्षरं लावत बसत नाही, तो मजकुराचा रोख धरून पुढे सरकतो. नवशिका अडतो तो इथेच. मुळाक्षरं महिन्याभरात येतात, पण कागद वाचता यायला ‘मोर्तब सुद’पासून ‘बितपशील’पर्यंत कचेरीची भाषा अंगात मुरावी लागते.

राघोबांचं नाव निघालं की ‘ध चा मा’ही निघतोच. पुतण्या नारायणराव पेशव्याला ‘धरावे’ या हुकुमाचं राघोबांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं, ही हकिकत ग्रँट डफनं 1826 च्या आपल्या इतिहासात दिली. खून 1773 चा, म्हणजे लिहिणारा पन्नास वर्षांनंतरचा. लोकांनी मात्र ती गोष्ट अशी उचलली, की मोडीचा काना-मात्रा न जाणणाराही आज ‘ध चा मा’ करतो.

मोडीला उतरती कळा लागली ती छापखान्यामुळे. विल्यम केरीनं श्रीरामपूरला (बंगालमधल्या, आपल्या कोपरगावाशेजारच्या नव्हे) मोडीचे खिळे पाडले आणि 1810 मध्ये मराठी कोश त्यांतच छापला. पण एकात एक गुंतणारी अक्षरं सुट्या खिळ्यांत बसवणं जिकिरीचं. पुढे छापील मराठीनं बाळबोधच धरलं. 25 जुलै 1917 रोजी मुंबई सरकारनं कारभारातही मोडीऐवजी बाळबोध वापरायचं ठरवलं. सोराबेचंही तेच झालं. तिकडे पहिल्या रादामा राजानं 1820 च्या दशकात मिशनऱ्यांच्या मदतीनं रोमन लिपी घेतली आणि सोराबे कातिबोंच्या घरात उरली.

मोडी मात्र घरात नाही, सरकारी फडताळात उरली. राघोबांच्या ज्या वाड्यात इंग्रजी अमदानीत सरकारी कचेऱ्या भरत, तिथला कारभारही बराच काळ मोडीतच चालला. मग सप्टेंबर 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तालुक्या-तालुक्यात मोडी वाचणाऱ्याची शोधाशोध सुरू झाली. जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14, पाहणीपत्रकं, शाळांची रजिस्टरं, सगळं बाहेर निघालं. ज्यांना काल ‘रिकामटेकडे’ म्हणत होते, त्यांच्या दारी रांगा लागल्या.

तेव्हा माळ्यावर पणजोबांची ट्रंक असेल आणि तीत मोडी कागद असतील, तर ते रद्दीत घालू नका आणि कौतुकानं लॅमिनेटही करू नका. लॅमिनेशन पुन्हा निघत नाही. कोरड्या सुती रुमालात बांधा, फोटो काढून ठेवा आणि नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात किंवा पुराभिलेख खात्याच्या जाणकाराला एकदा दाखवा. साल मात्र तुम्हीच काढा. मया व अलफ म्हणजे अकराशे, मयातैन व अलफ म्हणजे बाराशे.